दिसते ते उलटे, की आहे ते उलटे?
(संगणकीय चित्रकलेतील दृश्यावस्था आणि त्यांच्या खुणा)



ज्या चित्रकला-शिक्षकांच्या स्मरणार्थ हे व्याख्यान दरवर्षी होते, त्यांच्या टेबलाच्या खणात एक हातआरसा असे. मुलाचे चित्र पुरे झाले की ते आरशापुढे धरीत आणि म्हणत, ‘आता बघ.’ मघापर्यंत निर्दोष वाटणाऱ्या चेहऱ्याचा एक डोळा वर सरकलेला त्या आरशात लख्ख दिसे. मी मराठीचा अध्यापक. चित्रकलेवर बोलण्याचा माझा अधिकार शून्य. तथापि गेल्या काही काळात अशी एक घटना मला जवळून पाहावी लागली, की तो आरसा पुन्हा आठवला, आणि आजचा विषय त्या आरशानेच मला दिला असे म्हणायला हरकत नाही.

घटना अशी. या शाळेच्या एका माजी विद्यार्थ्याची मुलगी सुरतेत कापडाच्या छपाईसाठी नक्षीकाम करते. आषाढीपूर्वी येथल्या एका खानदेशी दिंडीने उपरणी छापून मागितली. भगवी भूमी, दोन्ही काठांना तुळशीच्या पानांची वेल, आणि मध्ये ‘राम कृष्ण हरि’ ही अक्षरे. अक्षरे तयार टंकातली नकोत, हाताने काढलेली हवीत, असा मंडळींचा आग्रह होता. तिने ती संगणकाच्या पाटीवर लेखणीने काढली. फाईल छपाईवाल्याकडे गेली. दिवस थोडे उरले होते, म्हणून नमुना न काढता थेट माल छापला गेला. गठ्ठे उघडले तेव्हा प्रत्येक उपरण्यावर देवाचे नाव उजवीकडून डावीकडे उलटे उमटलेले होते.

येथे छपाईची रीत थोडी सांगितली पाहिजे. आपल्या गावात पॉलिस्टर कापड अमाप होते आणि त्यावर कागदाच्या साहाय्याने छपाई करण्याची पद्धत रूढ आहे. प्रथम चित्र कागदावर उलटे छापतात. मग तो कागद कापडावर पालथा ठेवून सुमारे दोनशे अंश तापमानावर दाबतात. रंगाची वाफ होऊन ती धाग्यात शिरते आणि कागदावरचे उलटे चित्र कापडावर सुलटे येते. म्हणजे त्या कारखान्यात चित्र उलटे करणे ही रोजची, अत्यावश्यक क्रिया आहे. ‘मिरर मारला का?’ हा तेथला नित्याचा प्रश्न. साहजिकच सर्वांनी यंत्रावरच्या मुलाकडे बोट दाखवले. कचऱ्यात छपाईचा वापरलेला कागद सापडला, त्यावर अक्षरे सुलटी होती. खरे तर कागदावर ती उलटी असायला हवीत! पुरावा मिळाला. इकडे मुलीच्या पडद्यावर ती फाईल उघडीच होती, त्यावरही अक्षरे सुलटी. दुसरा पुरावा मिळाला. मुलाचा तीन दिवसांचा पगार कापला गेला. तो सांगत राहिला की मिरर नेहमीप्रमाणे लावलेलाच होता. कोणी ऐकले नाही.

तिसऱ्या दिवशी ती मुलगी माझ्याकडे सल्ला विचारायला आली. नुकसानभरपाईचे पत्र मराठीत नीट लिहून हवे होते. ‘सर, माझं चित्र बरोबर आहे, हे बघा,’ म्हणून तिने घरी भावाला फोन करून फाईलची प्रत माझ्या मोबाइलवर मागवली. मी चष्मा लावून पाहिले. अक्षरे उलटी होती. तिने फोन हातात घेतला आणि बराच वेळ ती काही बोलली नाही. तिच्या पडद्यावर सुलटी, माझ्या हातात उलटी, आणि फाईल एकच.

उलगडा संध्याकाळी झाला. ती मुलगी शिकली फोटोशॉप या सॉफ्टवेअरवर. घरी काम करते ते क्रिटा या विनामूल्य सॉफ्टवेअरवर. (हे नाव स्वीडिश भाषेतील खडू या अर्थाच्या शब्दावरून आले, त्यामागे महाभारतातील आपल्या ‘कृत’ शब्दाचीही छाया आहे असे सांगतात, आणि भाषेच्या माणसाला ते ऐकून बरे वाटते.) फोटोशॉपमध्ये ‘एम’ ही कळ दाबली की चौकोनी निवड करण्याचे साधन हाती येते. क्रिटामध्ये तीच कळ दाबली की सारे चित्र पडद्यावर आरशातल्यासारखे फिरते. फक्त पडद्यावर, फाईल जशीच्या तशी राहते. वेलीचा तुकडा निवडावा म्हणून सवयीने तिने ‘एम’ दाबली. वेल दोन्ही बाजूंना सारखी, भूमी सपाट भगवी. फिरले तरी काही फिरल्यासारखे दिसेना. त्या फिरलेल्या पडद्यावर तिने सुबक, सुलटी अक्षरे काढली. फाईलमध्ये ती अर्थातच उलटी पडत गेली. कारखान्यातल्या मुलाने इमानाने ती पुन्हा उलटी केली म्हणून कागदावर सुलटी दिसली, आणि कापडावर पुन्हा उलटी. दोन्ही ‘पुरावे’ खरे होते. दोहोंचा अर्थ मात्र चुकीचा लावला गेला.

सॉफ्टवेअरच्या अशा स्थितीला इंग्रजीतून आलेला ‘मोड’ हा शब्द सर्रास वापरतात. मराठीत मोड म्हणजे मटकीला येतो तो, किंवा शंभराच्या नोटेची सुटी चिल्लर. म्हणून मी त्याऐवजी ‘अवस्था’ म्हणतो, आणि जी अवस्था केवळ दिसणे बदलते, असणे बदलत नाही, तिला ‘दृश्यावस्था’ म्हणतो. शब्द जड वाटला तर सोडून द्यावा. भेद मात्र सोडू नये. चित्र खरोखर उलटे करणे ही एक क्रिया आहे. चित्राकडे उलटे पाहणे ही दुसरी. पडद्यावर दोन्ही अगदी सारख्या दिसतात.

मग अशा अवस्था ठेवायच्याच कशाला? कारण त्या उपयोगाच्या आहेत. आपल्या गुरुजींचा आरसा ही एक दृश्यावस्थाच होती, आणि ती फार जुनी आहे. इटलीतील आल्बेर्तीने १४३५ साली चित्रकलेवरील आपल्या ग्रंथात चित्राचे दोष पारखण्यासाठी आरशाची शिफारस केली. लिओनार्दोच्या टिपणांतही ती आहे. तासन्‌तास एकाच चित्राकडे पाहून डोळा निर्ढावतो, आरसा त्याला पुन्हा परका करतो. कापडाच्या कामात तर आणखी एक अवस्था अमूल्य आहे. नक्षीचा एक तुकडा चारी बाजूंनी सांधून अखंड दिसतो. उजव्या कडेबाहेर गेलेला ब्रश डाव्या कडेतून आत येतो. छपाईच्या फिरत्या जाळीच्या नळकांड्याचा परीघ बहुधा ६४ सेंटिमीटर असतो आणि नक्षी त्या मापात पुन्हापुन्हा बसावी लागते. तिला आपल्याकडे सरळ ‘रिपीट’ म्हणतात. पूर्वी कागद कापून, तुकडे अदलाबदल करून सांधा जुळवीत. आता एका कळीत तो दिसतो. क्रिटामध्ये ही कळ ‘डब्ल्यू’. आणि फोटोशॉपमध्ये ‘डब्ल्यू’ काय? तेथे ते रंगसाधर्म्यावरून निवड करणाऱ्या साधनाचे अक्षर आहे. सवय पुन्हा येथे फसते.

तिसरी अवस्था रंगांची. पडदा प्रकाशाने रंग दाखवतो, कापड रंगद्रव्याने. पडद्यावरचा झगझगीत हिरवा कापडावर येत नाही. म्हणून छपाईत रंग कसा उतरेल याचा आभास आधी पाहता येतो, आणि न उतरणारे रंग करड्या डागांनी दाखवताही येतात. ज्याला हे ठाऊक नाही त्याला वाटते, चित्राला बुरशी लागली. चौथी, फक्त एकच थर दाखवून बाकीचे झाकणारी. नवशिका घाबरून समजतो की आठ दिवसांचे काम नाहीसे झाले, आणि पुष्कळदा तो तसाच गोंधळलेल्या मनाने आणखी कळा दाबून खरोखरच काहीतरी बिघडवून ठेवतो.

खुणा मुळीच नसतात असे नाही. मेनू उघडला तर त्या ओळीपुढे बरोबरची बारीक खूण असते. फोटोशॉपमध्ये छपाईचा आभास चालू असेल तर खिडकीच्या माथ्यावर, फाईलच्या नावापुढे कंसात त्याचा उल्लेख होतो. पण मेनू उघडून पाहायला आधी शंका यावी लागते, आणि शंका न येणे हाच तर येथला रोग आहे! स्वतःचेच उदाहरण देतो. मी मराठी टंकन करताना डोळे हस्तलिखितावर ठेवतो. कळफलक चुकून इंग्रजीवर गेलेला असतो. अर्धे पान झाल्यावर मान वर करावी तर पडद्यावर रोमन अक्षरांची निरर्थक रांग. भाषा दाखवणारी खूण उजव्या कोपऱ्यात तळाशी प्रामाणिकपणे उभी असते. मीच तिच्याकडे पाहिलेले नसते. डोनाल्ड नॉर्मन या मानसशास्त्रज्ञाने १९८१ मध्ये माणसाच्या हातून होणाऱ्या चुकांचे वर्गीकरण केले, त्यात अवस्था ओळखण्यातील चूक हा वेगळा प्रकार धरला. कृती योग्य असते. यंत्र ज्या अवस्थेत आहे असे आपण समजतो त्या अवस्थेत ते नसते. लॅरी टेस्लर या संगणकतज्ज्ञाला अवस्थांचा इतका तिटकारा होता की ‘अवस्था नकोत’ अशा अर्थाची इंग्रजी अक्षरे त्याने आपल्या मोटारीच्या क्रमांकपट्टीवर घेतली होती.

ही चूक नेहमी उपरण्यांवर भागत नाही. २० जानेवारी १९९२ रोजी फ्रान्समध्ये स्ट्रासबुर्गजवळ एक एअरबस ए-३२० विमान डोंगरावर आदळले. ९६ पैकी ८७ माणसे गेली. चौकशीत ज्या शक्यतेला सर्वाधिक वजन मिळाले ती अशी: वैमानिकांना ३.३ अंशांच्या उताराने खाली यायचे होते, आणि यंत्रणा मिनिटाला ३,३०० फूट उतरण्याच्या अवस्थेत होती. दोन्ही अवस्थांत आकडा दोनच अंकांत, जवळजवळ सारखाच दिसत असे. अवस्थेचे नाव दाखवले जात होतेच. पण आकडा ओळखीचा दिसल्यावर नावाकडे कोण पाहतो? पुढे उतरण्याचा वेग पूर्ण चार अंकांत दाखवण्यात येऊ लागला. म्हणजे खूण बाजूला नवी न चिकटवता, ज्या आकड्याकडे नजर जाते त्या आकड्याचेच रूप बदलले.

येथे मला माझ्या विषयाकडे वळण्याचा मोह आवरत नाही. भाषेपुढे हा प्रश्न फार पूर्वीपासून उभा आहे. दुसऱ्याचे म्हणणे सांगताना ते माझे म्हणणे नव्हे, हे ऐकणाऱ्याला सतत कळत राहिले पाहिजे. संस्कृताने ‘इति’ वापरला. पण तो येतो शेवटी. तोवर ऐकणारा वाक्यभर चुकीच्या समजुतीत चालत असतो. मराठीत ‘की’ आधीच सावध करतो. आणि आपला ‘म्हणे’ तर फार गुणी आहे. ‘तो गावाला गेला म्हणे, तिथे आजारी पडला म्हणे.’ दर वाक्याला तो क्रियापदाला चिकटून पुन्हा येतो. ऐकीव गोष्ट आहे हे विसरण्याची सोयच ठेवत नाही. मेजर थॉमस कॅंडी यांच्या काळात मराठी मुद्रणात विरामचिन्हे रुळू लागली, त्यांत अवतरणचिन्ह आले. उतारा अनेक परिच्छेदांचा असेल तर काळजीपूर्वक छापलेल्या पुस्तकांत प्रत्येक परिच्छेदाच्या आरंभी ते चिन्ह पुन्हा उघडतात, बंद मात्र एकदाच करतात. पान उलटून मध्येच वाचू लागलेल्या माणसालाही आपण कोणाच्या बोलण्यात आहोत ते कळावे म्हणून ही सोय. चित्राच्या सॉफ्टवेअरला नेमके हेच हवे आहे: अवस्था चालू असेतोवर, काम चालले आहे तिथेच, पुन्हापुन्हा भेटणारा एक ‘म्हणे’.

हे सोपे मात्र नाही. सहज सुचणारा उपाय असा, की चित्राभोवती लाल चौकट करावी. तो चित्रकाराला चालणार नाही. शेव्हरल नावाचा रसायनशास्त्रज्ञ पॅरिसच्या गोब्लाँ या पडदे विणणाऱ्या सरकारी कारखान्यात रंगशाळेचा प्रमुख होता. काळा रंग फिका पडतो, अशी विणकरांची तक्रार आली. त्याने तपासले तर रंगात खोट नव्हती. शेजारच्या निळ्या-जांभळ्या धाग्यांमुळे काळा फिका भासत होता. त्यातून त्याने १८३९ मध्ये रंगांच्या परस्परविरोधाचा नियम मांडणारा ग्रंथ प्रसिद्ध केला. रंगाच्या धंद्यात आयुष्य गेलेल्या सुरतकराला ही गोष्ट पटवून द्यावी लागणार नाही. चित्राभोवती लाल चौकट ठेवली तर आतला हिरवा अधिक हिरवा भासेल आणि चित्रकार नकळत तो मंद करील. म्हणूनच चांगल्या सॉफ्टवेअरांचा परिसर करडा ठेवता येतो. म्हणजे खूण अशी हवी की ती नजरेत भरावी पण नजर बिघडवू नये: काळ्या-पांढऱ्या तिरप्या रेघांची अरुंद किनार, किंवा कॅनव्हासच्या कडेला करड्या पट्टीवर स्पष्ट शब्दांत ‘दृश्य उलटे आहे’, आणि त्याच शब्दांवर टिचकी मारली की ते पूर्ववत व्हावे. चिन्हापेक्षा शब्द बरा, असे माझे मत आहे. अर्थात मी शब्दांचाच माणूस, तेव्हा ते थोडे वजा करून घ्यावे.

दुसरी जागा ब्रशच्या टोकाची. चित्रकाराची नजर तिथेच असते. टोकाभोवतीच्या वर्तुळाला, अवस्था चालू असेतो, एखादी बारीक शेपटी फुटली तर ती न दिसणे अशक्य. मात्र प्रत्येक गोष्टीला शेपूट लावले तर कोणतेच दिसणार नाही. सर्वसाधारण स्थितीला खूण असू नये. नेहमीपेक्षा वेगळे असेल तेव्हाच असावी. क्षणभर झळकून विझणाऱ्या सूचनेवर माझा विश्वास नाही. कळ चुकून दाबलेला माणूस त्या क्षणी नेमका दुसरीकडे पाहत असतो.

तिसरा मार्ग डोळ्यांना बाजूला ठेवतो. सेलन, कुर्टेनबाख आणि बक्स्टन या तिघा संशोधकांनी १९९२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत लेखनाच्या सॉफ्टवेअरची अवस्था काहींना पडद्याचा रंग बदलून दाखवली, तर काहींना ती टिकवण्यासाठी पायाने पट्टी दाबून धरायला लावली. पाय दाबून धरणाऱ्यांच्या चुका कमी झाल्या. शिलाई यंत्रावर बसणाऱ्या कोणत्याही बाईला याचे नवल वाटणार नाही. जे आपण अंगाने धरून ठेवले आहे ते विसरत नाही. आरसा पाहायचा तर कळ दाबून धरावी, सोडली की चित्र सुलटे, ही पद्धत मला सर्वांत निर्दोष वाटते. गुरुजींचा आरसाही हातात धरावा लागे. तो चित्रावर चिकटून राहत नसे. रिपीटची अवस्था मात्र तासन्‌तास लागते, तिला हा उपाय चालणार नाही; तिथे किनारच हवी.

आणि एक शेवटची चौकी. फाईल छपाईला पाठवताना सॉफ्टवेअरने एवढेच विचारावे: ‘पडद्यावर चित्र उलटे दिसत आहे, फाईल मूळ स्वरूपात जाईल. चालेल?’ हा प्रश्न त्या रात्री विचारला गेला असता, तर एका मुलाचा तीन दिवसांचा पगार वाचला असता. त्याचा पगार त्या मुलीने आपल्या मेहनतान्यातून भरून दिला, आणि कारखान्यात चारचौघांसमोर चूक आपली होती हे सांगितले. दिंडीसाठी उपरणी पुन्हा छापली गेली, एक दिवस आधी मिळाली.

सॉफ्टवेअर सुधारेपर्यंत तिने स्वतःपुरती एक युक्ती काढली आहे. प्रत्येक चित्राच्या कोपऱ्यात, वेगळ्या थरावर, ती झगझगीत हिरव्या रंगात एक छोटा ‘अ’ काढते. आरशाची अवस्था असेल तर ‘अ’ उलटा दिसतो. फूल उलटे झालेले कळत नाही, अक्षर लगेच कळते. रिपीट चालू असेल तर एकाच्या जागी अनेक ‘अ’ दिसतात. छपाईच्या रंगांचा आभास असेल तर हिरवा विझून जातो, आणि एकच थर दिसत असेल तर ‘अ’ गायब होतो. एका अक्षरात चार अवस्थांची हजेरी! मी विचारले, ‘अ’च का? ती म्हणाली, ‘सर, आधी ठ काढत होते. तो उलटा केला तरी ठच राहतो.’ युक्तीत उणीव आहे हेही तिला ठाऊक आहे: चित्र मोठे करून बारीक काम करताना कोपरा नजरेआड जातो.

पाठवण्यापूर्वी तो थर लपवावा लागतो. एकदा तो लपवायचा राहिला, आणि नमुन्याच्या कापडावर कोपऱ्यात ‘अ’ छापून आला; हिरवा नव्हे, शेवाळी. तो तुकडा तिने मला आणून दिला. माझ्या टेबलावर काचेखाली आहे. अक्षर सुलटे आहे.